नकाशावरचे अंतर आणि आकाशातला वळसा

फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो या दोन शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत हेलसिंकीहून निघालेले विमान साधारण साडेनऊ तासांत टोकियोला उतरत असे. त्यानंतर महिनाही उलटला नसेल, तोच या प्रवासाला १३ तास लागू लागले आणि विमानाला कापावे लागणारे अंतर सुमारे १२,९०० किलोमीटरवर गेले. एवढ्या अवधीत ना फिनलंड जागचा हलला, ना जपान. विमानेही तीच होती आणि त्यांचा वेगही तोच होता. बदल झाला तो एवढाच की, या दोन देशांच्या मध्ये पसरलेल्या रशियाने आपल्या डोक्यावरील आकाश बंद केले.

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय महासंघाने २७ फेब्रुवारीला रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना सैबेरियाचे दार लावून प्रत्युत्तर दिले. ही बातमी त्या वेळी युद्धाच्या गदारोळात दुय्यम ठरली. परंतु जगाच्या विमानवाहतुकीचा नकाशा या एका निर्णयाने जितका बदलला, तितका तो गेल्या तीन दशकांत क्वचितच बदलला असेल. ‘दोन शहरांमधील अंतर किती?’ या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात शोधायचे दिवस त्यामुळे मागे पडले. ते उत्तर आता प्रवासी कोणत्या देशाच्या विमानात बसला आहे, यावर अवलंबून आहे.

गोल पृथ्वी, सपाट नकाशा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हेलसिंकीहून टोकियोला जाणारी सरळ रेषा काढली तर ती कझाकस्तान, मंगोलिया असे देश ओलांडत जाते. प्रत्यक्षात सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे कमानीसारखा वळतो आणि जवळजवळ पूर्णपणे रशियावरून जातो. पृथ्वी गोल असल्याने दोन बिंदूंमधील सर्वांत लहान अंतर हे तिच्या पृष्ठभागावरील बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजावे लागते. उत्तर गोलार्धातील दूरच्या शहरांसाठी हा कंस बहुधा ध्रुवाच्या बाजूला सरकतो. सैबेरियाच्या ओसाड, विरळ वस्तीच्या प्रदेशाला विमानवाहतुकीत एवढे मोल आले ते यामुळेच.

या अंतराला वाऱ्याचे गणितही जोडावे लागते. साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते पाठीशी असले तर लांबचा मार्गही जवळचा ठरतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. विमानाला सुमारे १,४०० किलोमीटर अधिक, म्हणजे एकूण १५,३०० किलोमीटर कापावे लागले; तरीही प्रवास जवळपास दोन तास आधी, साडेचौदा तासांत संपला. जपानी कंपन्यांनीही २०२२ नंतर याच वाऱ्याचा आधार घेतला. टोकियोहून लंडनला जाणारी त्यांची विमाने पूर्वेकडे निघून अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडवरून युरोपात उतरू लागली. परतताना तीच विमाने तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान आणि चीन या मार्गाने पुन्हा पूर्वेकडेच निघू लागली. जाऊन येईपर्यंत प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. ऐकायला हे मौजेचे वाटते. पण ज्या प्रवासाला पूर्वी साडेबारा तास पुरत, त्याला चौदा तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो, ही त्यामागील वस्तुस्थिती आहे.

जुन्या वाटेवर पुन्हा

फिनलंडला हा वळसा नवा नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना मोकळे नव्हते. युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातील अँकरेज येथे इंधन भरून पुढे जात. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने कोपनहेगन–अँकरेज–टोकियो हा ध्रुवीय मार्ग १९५७ मध्ये सुरू केला होता. पुढे १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकीहून उत्तर ध्रुवावरून टोकियोपर्यंत विनाथांबा उड्डाण सुरू केले. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ती पहिली सेवा. तिलाही सुमारे १३ तासच लागत. चाळीस वर्षांत विमानाचे तंत्रज्ञान कोठल्या कोठे गेले, पण राजकारणाने प्रवाशाला पुन्हा १९८३ च्या वेळापत्रकावर आणून सोडले. २०२२ मध्ये फिनएअरने या मार्गावरील प्रवाशांना उत्तर ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रे देऊन वाढलेल्या वेळेचे थोडे कौतुक करून घेतले, इतकेच.

बंद आकाशात चुकून शिरल्यास काय होते, हेही त्याच १९८३ साली जगाने पाहिले. न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियन एअरलाइन्सचे जम्बो विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. १ सप्टेंबर रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर सैबेरियाचे आकाश खुले झाले, मात्र फुकट नव्हे. त्यावरून जाणाऱ्या युरोपीय कंपन्यांना एरोफ्लोट या रशियन कंपनीला मोबदला द्यावा लागे. २००० च्या दशकात ही रक्कम वर्षाला ३० कोटी युरोंच्या वर होती. प्रतिस्पर्धी कंपनीच्या तिजोरीत अशी भर घालणे युरोपला रुचणारे नव्हतेच. तरीही वाचणारे इंधन आणि वेळ पाहता हा सौदा परवडत होता. फिनलंडने तर आपले सारे व्यापारी धोरण त्यावर उभे केले. लोकसंख्या जेमतेम ५५ लाख. एवढ्याशा देशाला जागतिक विमान कंपनी चालविण्याइतके प्रवासी घरात मिळणे अशक्य होते. म्हणून युरोपातील प्रवासी हेलसिंकीत गोळा करायचे आणि सैबेरियाच्या जवळच्या वाटेने जपान, कोरिया, चीनला पोहोचवायचे, हा उद्योग फिनएअरने वाढविला. करोनापूर्वी तिच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग आशियाच्या वाहतुकीतून येत होता.

या उद्योगाचे गणित किती नाजूक होते, हे एका साध्या हिशेबावरून कळते. जाण्या-येण्याला मिळून सुमारे वीस तास आणि टोकियोतील दोन-तीन तासांचा मुक्काम धरला, तर एकच विमान चोवीस तासांच्या आत हेलसिंकीला परतत होते. म्हणजे रोजची सेवा एका विमानात भागत होती. प्रत्येक बाजूला १३ तास लागू लागले की नुसते उड्डाणच २६ तासांचे होते. तीच रोजची सेवा चालवायला दुसरे विमान लागते. जादा वैमानिक लागतात, कारण त्यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. इंधन तर सुमारे ४० टक्के अधिक लागते. ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते आणि तेवढ्या वजनाचे प्रवासी किंवा माल कमी न्यावा लागतो. तीन-चार तासांची वाढ तिकिटाच्या दरात तीन-चार तासांपुरती राहत नाही, ती अशी अनेक पटींनी उमटते.

फिनएअरने मग दिशा बदलली. अमेरिका, आखाती देश आणि भारताकडे तिची नजर वळली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने हेलसिंकीहून मुंबईची सेवा सुरू केली, ती या फेरमांडणीचाच भाग होता.

एकाचा तोटा, दुसऱ्याचा नफा

आकाश सर्वांना सारखेच बंद झाले असते तर स्पर्धेत फारसा फरक पडला नसता. तसे झाले नाही. रशियाने दार लावले ते निवडक देशांना. चीनच्या कंपन्या सैबेरियावरून जात राहिल्या आणि युरोपीय कंपन्यांपेक्षा त्यांचा प्रवास काही तासांनी कमी राहिला. याचा परिणाम दिसायला दोन वर्षे लागली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश एअरवेजने लंडन–बीजिंग, व्हर्जिन अटलांटिकने लंडन–शांघाय आणि लुफ्तान्साने फ्रँकफर्ट–बीजिंग सेवा बंद केल्या. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या वाहतूक खात्याने असा प्रस्ताव मांडला की, अमेरिकेत ये-जा करणाऱ्या चिनी कंपन्यांना रशियावरून उडण्यास मनाई करावी. म्हणजे आपल्याला मिळत नसलेली जवळची वाट प्रतिस्पर्ध्यालाही मिळू नये, असा हा विचार.

या खेळात भारत प्रेक्षक नव्हता. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली या सेवा थांबविल्या, कारण रशियाच्या आकाशाविना त्या चालविणे तिला शक्य राहिले नव्हते. भारताशी रशियाचे असे वैर नसल्याने एअर इंडियाला ती अडचण नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एअर इंडियाने मुंबई–सॅन फ्रान्सिस्को विनाथांबा सेवा सुरू केली. कार्यक्षमता किंवा सेवेचा दर्जा यांच्याशी या लाभाचा संबंध नव्हता. तो परराष्ट्र धोरणाने पदरात टाकलेला लाभ होता.

त्याला जोखमीची दुसरी बाजू होती. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते आणि त्यांत अमेरिकी नागरिकही होते. कंपनीचा एकही कर्मचारी तेथे नव्हता. प्रवाशांना वसतिगृहे आणि शाळेच्या इमारतीत रात्र काढावी लागली आणि दुसरे विमान पाठवून ८ जूनला त्यांना पुढे नेण्यात आले. जवळची वाट ही नेहमीच सोयीची वाट नसते, याचा हा धडा होता.

आपल्या दारातले बंद आकाश

रशियाच्या बाबतीत भारताला जे अनुकूल ठरले, ते पाकिस्तानच्या बाबतीत नेमके उलटले. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोन्ही देशांचे संबंध विकोपाला गेले. पाकिस्तानने २४ एप्रिलला भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिलला तसेच प्रत्युत्तर दिले. महिन्यामहिन्याने दोन्हीकडून मुदत वाढत गेली आणि २०२५ चे वर्ष संपले तरी ही बंदी उठली नव्हती.

भूगोलाचा फटका कोणाला अधिक, हे पाहिले पाहिजे. भारतातून, विशेषतः दिल्लीतून, पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांची संख्या मोठी. पाकिस्तानातून भारतावरून पूर्वेकडे जाणारी पाकिस्तानी विमाने मोजकी. त्यामुळे बंदी दुहेरी असली तरी तिचा भार समान नाही. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या विमानांना आधी नैर्ऋत्येला गुजरात आणि अरबी समुद्राकडे उतरून मगच पश्चिमेची वाट धरावी लागली. मुंबईची विमाने तशीही समुद्रावरून निघत असल्याने त्यांना तुलनेने कमी झळ बसली. एअर इंडियाच्या अमेरिकेकडील काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबे घ्यावे लागले. बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळविला. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबविताना विमानांच्या कमतरतेबरोबर पाकिस्तानच्या बंद आकाशाचेही कारण तिने दिले.

इंडिगोचे उदाहरण तर हेलसिंकीइतकेच बोलके आहे. दिल्ली ते अल्माटी हे सरळ अंतर सुमारे १,६५० किलोमीटर. म्हणजे दिल्ली–बंगळुरूपेक्षाही किंचित कमी. परंतु मध्ये काराकोरम आणि त्यालगतचा अत्युच्च डोंगराळ प्रदेश आहे. विमानातील हवेचा दाब गेल्यास वैमानिकाला त्वरित सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. जिथे जमीनच त्याहून उंच आहे, तिथे सरळ रेषेत उडण्यावर मर्यादा येतात. नेहमीची वाट होती ती पाकिस्तानवरून. ती बंद होताच अल्माटी आणि ताश्कंद ही दोन्ही शहरे आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे इंडिगोने एप्रिल २०२५ च्या अखेरीस जाहीर केले आणि त्या सेवा थांबविल्या. बंगळुरूपेक्षा जवळचे शहर एका आदेशाने आवाक्याबाहेर गेले.

तोटा पाकिस्तानचाही झाला. आपल्यावरून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारे शुल्क हे त्याचे उत्पन्न. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांची तूट आल्याचे तेथील सरकारने संसदेत सांगितले. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळातही असेच झाले होते. तेव्हा केवळ एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे राज्यसभेत सांगण्यात आले होते. ती कंपनी त्या वेळी सरकारी मालकीची होती, म्हणजे पैसा करदात्याचा होता.

कायदा काय म्हणतो?

डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व दिले. त्याच परिषदेत दुसराही एक करार झाला. त्यातील सदस्य राष्ट्रांनी एकमेकांच्या नियमित प्रवासी विमानांना न उतरता वरून जाण्याची मुभा द्यावी, असे त्यात ठरले. रशिया आणि चीन या दुसऱ्या करारात नाहीत. भारत आणि पाकिस्तान मात्र दोघेही आहेत. शिवाय मूळ करारानुसार आणीबाणीत आकाश तात्पुरते बंद करता येते, परंतु ते राष्ट्रीयत्वाचा भेद न करता. युद्ध किंवा जाहीर राष्ट्रीय आणीबाणीची गोष्ट वेगळी. निवडक देशांना दिलेली दीर्घकाळची बंदी या चौकटीत कशी बसते, हा प्रश्न म्हणूनच वादाचा राहिला आहे.

या वादात सर्वांत जुना पक्षकार भारतच आहे, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान श्रीनगरहून अपहरण करून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. पाकिस्तानचे तेव्हा दोन भाग होते. कराची ते ढाका हा भारतावरून जाणारा प्रवास श्रीलंकेचा वळसा घालून करावा लागू लागला आणि अंतर दुपटीच्या घरात गेले. बांगलादेश मुक्तीपूर्वीच्या त्या महिन्यांत पूर्वेकडे सैन्य व सामग्री पोहोचविण्यात पाकिस्तानची त्यामुळे मोठी ओढाताण झाली. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेपुढे तक्रार नेली. परिषदेला ती ऐकण्याचा अधिकार नाही, असे म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पण १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने परिषदेचा अधिकार मान्य केला. त्याच निकालाच्या वाटेने जात न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांचे अपील फेटाळले. या देशांनी २०१७ मध्ये कतारच्या विमानांना आकाश बंद केले होते. तरीही दोन्ही प्रकरणांत वाट मोकळी झाली ती राजकीय समेटानेच. भारत-पाकिस्तानमधील विमानवाहतूक १९७६ मध्ये पूर्ववत झाली, कतारची कोंडी जानेवारी २०२१ मध्ये सुटली. २००२ व २००३ ही दोन वर्षेही उपखंडातील आकाश असेच बंद होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. कायदा आहे, न्यायपीठही आहे. परंतु दार उघडण्याची किल्ली राज्यकर्त्यांच्याच हाती आहे.

वळसा कोणासाठी?

येथे एक भेद काटेकोरपणे करायला हवा. सुरक्षेसाठी बंद केलेले आकाश आणि शिक्षा म्हणून बंद केलेले आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जणांचा बळी गेला. लढाई चालू असतानाही त्या उंचीवरचे आकाश प्रवासी विमानांना खुले ठेवले गेले होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे विमान इराणी क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ जण मृत्युमुखी पडले. त्या रात्रीही आकाश बंद केलेले नव्हते. अशा ठिकाणी तीन तासांचा वळसा महाग नाही. तो न घेणे महाग पडते आणि त्याची भरपाई होत नाही.

शिक्षा म्हणून लादलेल्या वळशाचा हिशेब वेगळा आहे. रशियाच्या बंदीने युरोपचे युक्रेनविषयीचे धोरण बदलले नाही. पाकिस्तानच्या बंदीने भारताची भूमिका तसूभरही हलली नाही आणि भारताच्या बंदीने पाकिस्तानची. हे ठाऊक असूनही दर महिन्याला मुदतवाढीचा आदेश निघतो, कारण तो मागे घेणे ही माघार समजली जाईल, अशी भीती दोन्ही बाजूंना असते. भरपाई करतो तो प्रवासी. परदेशी शिकणारी मुले, त्यांना भेटायला जाणारे वयोवृद्ध आईवडील, उपचारांसाठी निघालेले रुग्ण हे या आदेशांचे पक्षकार नसतात. तिकिटाचे वाढलेले पैसे आणि वाढलेले तास मात्र त्यांच्याच वाट्याला येतात. परदेशी कंपन्या पाकिस्तानवरून भारतात निर्वेध ये-जा करीत राहिल्याने, भारतीय कंपन्यांनी महत्प्रयासाने उभा केलेला प्रवासीवर्ग त्यांच्याकडे वळण्याची सोयही या बंदीने आपसूक करून ठेवली.

म्हणून भारताने दोन गोष्टींचा विचार करायला हवा. पहिली, दहशतवादाविषयीची कठोर भूमिका तसूभरही सैल न करता, नागरी विमानांच्या वरून जाण्याचा प्रश्न इतर वादांपासून वेगळा काढता येईल का, हे पाहणे. दुसरी, रशियाच्या आकाशामुळे मिळालेला लाभ कायमचा आहे, असे गृहीत धरून कोणतीही सेवा आखू नये, हे विमान कंपन्यांना बजावणे. फिनलंडने नेमके तेच गृहीत धरले होते. तीस वर्षे बिनघोर चाललेला त्याचा व्यवसाय एका रात्रीत उलटापालटा झाला. लांब पल्ल्याची विमाने, मार्गातील पर्यायी थांबे आणि एकाच शेजाऱ्यावर विसंबून नसलेले वेळापत्रक यांवर केलेला खर्च शांततेच्या काळात अनाठायी वाटतो. पण आकाशाची दारे कधी लागतील, याची पूर्वसूचना कोणालाच मिळत नाही.